विश्लेषण : यॉर्क हे एका दिवसात ‘उरकण्याचे’ शहर आहे का?

लंडनला मुलांकडे किंवा नातेवाईकांकडे गेलेल्या मराठी कुटुंबांच्या यादीत आता यॉर्कचे नाव हमखास असते. सकाळच्या गाडीने जायचे, कॅथीड्रलसमोर छायाचित्र काढायचे, अरुंद गल्लीत गर्दीतून एक फेरी मारायची आणि रात्री जेवायला लंडनला परत यायचे, असा साधारण बेत असतो. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात तर यॉर्क अनेकदा एडिंबरोच्या वाटेवरचा दोन-तीन तासांचा थांबा एवढेच उरते. सुमारे १,९५० वर्षांचा इतिहास असलेले शहर अशा रीतीने पाहणे म्हणजे पैसे खर्चून फक्त हजेरी लावणे आहे. थोडा विचार केला तर त्याच खर्चात, किंबहुना काही बाबतीत कमी खर्चात, यॉर्क खरोखर पाहता येते. त्यासाठी काय करावे आणि काय सोडावे, याचा हा आढावा.

यॉर्कच का?

इंग्लंडमध्ये जुनी शहरे पुष्कळ आहेत. बाथ रोमन स्नानगृहांसाठी, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांसाठी ओळखले जाते. यॉर्कचे वेगळेपण असे की, इथे इंग्लंडच्या इतिहासाचे जवळजवळ सगळे थर चालत जाण्याच्या अंतरावर एकावर एक रचलेले दिसतात. इसवी सन ७१ मध्ये रोमन सैन्याने ऊझ आणि फॉस या नद्यांच्या संगमावर ‘एबोराकम’ नावाची छावणी वसवली. याच गावात इ.स. ३०६ मध्ये कॉन्स्टंटाईनला त्याच्या सैन्याने सम्राट घोषित केले. पुढे रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणारा तो हाच कॉन्स्टंटाईन. इ.स. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी शहर घेतले आणि त्याचे ‘यॉर्विक’ केले. त्यानंतर नॉर्मन आले, मध्ययुगीन व्यापारी आले, एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि चॉकलेटचे कारखाने आले.

रस्त्यांची नावेही याची साक्ष देतात. यॉर्कमध्ये रस्त्याला ‘गेट’ म्हणतात, कारण व्हायकिंगांच्या भाषेत रस्त्यासाठी तसा शब्द होता. ‘कॉपरगेट’ म्हणजे लाकडी पेले घडवणाऱ्यांची आळी. पुण्याची तांबट आळी ठाऊक असलेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शहराच्या वेशीला मात्र इथे ‘बार’ म्हणतात. त्यामुळे नकाशात ‘मंक बार’ दिसले तर ते मद्यालय नव्हे, ती वेस आहे.

एक दिवस का पुरत नाही?

हिशेब साधा आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून यॉर्कला वेगवान गाडीने सुमारे दोन तास लागतात. घरातून स्थानकापर्यंतचा वेळ धरला, तर एका बाजूचा प्रवास तीन-साडेतीन तासांचा होतो. सकाळी सातला निघालेले कुटुंब साडेदहाच्या सुमारास यॉर्कमध्ये पोहोचते. बहुतेक संग्रहालये आणि स्थळे सायंकाळी पाचच्या आसपास बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याच्या बराच आधी असतो. जेवण, रांगा आणि विसावा वजा केला तर हातात चार-साडेचार तास उरतात. एकटे कॅथीड्रल नीट पाहायचे तर त्यातले दोन जातात.

दुसरे म्हणजे, एका दिवसासाठी येणारे सगळे जण साधारण अकरा ते चार या वेळेतच शहरात असतात. सगळ्यात जास्त गर्दी त्या वेळी आणि सगळ्यात लांब रांगा त्याच वेळी. यॉर्कचे खरे सुख सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर आहे, आणि दिवसाच्या पाहुण्याच्या वाट्याला ते येतच नाही. म्हणून दोन रात्रींचा मुक्काम हा चैनीचा भाग समजू नये. दोन अर्धे आणि एक पूर्ण दिवस हा या शहराला दिलेला किमान न्याय आहे. दोन रात्री जमतच नसतील तर एक तरी रात्र राहावे.

सुरुवात कुठून करावी?

तटबंदीवरून. यॉर्कची मध्ययुगीन तटबंदी सुमारे ३.४ किलोमीटर लांब असून इंग्लंडमधल्या शहरांच्या तटबंदींत ती सर्वात लांब आणि सर्वाधिक शाबूत मानली जाते. तिच्यावर चालायला एक पैसाही लागत नाही. सकाळी ती उघडते आणि अंधार पडताना बंद होते. पूर्ण फेरीला साधारण दोन तास लागतात. वेळ किंवा गुडघे साथ देत नसतील तर दोन तुकडे पुरे : रेल्वे स्थानकासमोरचा मिकलगेट बार ते लेंडल पूल हा एक, आणि बूथम बार ते मंक बार हा दुसरा. दुसऱ्या तुकड्यावरून कॅथीड्रलचे जे दर्शन होते, ते खालून कुठूनही होत नाही. चवथ्या मोठ्या वेशीचे, वॉमगेट बारचेही महत्त्व आहे. वेशीपुढे बांधलेला संरक्षक चौक इंग्लंडमध्ये केवळ तिथेच शिल्लक आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. तटावरची वाट अरुंद आहे आणि आतल्या बाजूला अनेक ठिकाणी कठडा नाही. लहान मुलांचा हात सोडू नये. बर्फ पडला असेल तर वाट बंद ठेवली जाते. चाकांच्या खुर्चीवरून तटावर जाणे शक्य नाही.

ही तटबंदी सहज टिकलेली नाही. १८०० मध्ये नगरपालिकेलाच ती पाडायची होती. डागडुजीचा खर्च परवडत नव्हता आणि अरुंद वेशींमुळे वाहतूक अडत होती. काही भाग आणि तीन वेशींपुढचे संरक्षक चौक त्या काळात खरोखर पाडले गेले. मूळचे यॉर्कचेच असलेले चित्रकार विल्यम एटी यांच्यासारख्या नागरिकांनी विरोध केला, म्हणून उरलेला तट वाचला. मुंबईत याच्या उलट घडले. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडण्यात आला. आज ‘फोर्ट’ आणि ‘चर्चगेट’ ही नावे उरली आहेत, तट आणि वेस दोन्ही नाहीत. त्या मोबदल्यात मुंबईला वाढायला जागा मिळाली, हेही खरे. पण यॉर्कच्या तटावर उभे राहिलेल्या मुंबईकराला आपण काय गमावले याचा अंदाज येतो. तिकीटघरात मिळणाऱ्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा हा अनुभव मोठा आहे.

कॅथीड्रलला किती वेळ द्यावा?

यॉर्क मिन्स्टर या नावाने ओळखले जाणारे हे कॅथीड्रल सध्याच्या रूपात साधारण १२२० पासून १४७२ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे बांधले जात होते. पूर्वेकडची महाकाय रंगीत काचेची खिडकी कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटन या कारागिराच्या देखरेखीखाली १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत घडली. बायबलमधली विश्वाची उत्पत्ती आणि विश्वाचा अंत असे दोन्ही टोकांचे प्रसंग तिच्यात आहेत. तिच्या अलीकडच्या जीर्णोद्धाराला दहा वर्षांहून अधिक काळ लागला आणि ते काम २०१८ मध्ये पुरे झाले. घडवायला लागलेल्या वेळापेक्षा दुरुस्तीला लागलेला वेळ तिप्पट, ही गोष्ट जतनाच्या कामाबद्दल बरेच काही सांगते.

या इमारतीने आगी सोसल्या आहेत. १८२९ मध्ये एका माथेफिरूने आग लावली, तर ९ जुलै १९८४ रोजी लागलेल्या आगीत दक्षिणेकडच्या भागाचे छत कोसळले. त्याआधी १९६० च्या दशकात मधला मनोरा खचत असल्याचे लक्षात आले. पाया बळकट करण्यासाठी खोदकाम सुरू झाले, तेव्हा खाली रोमन छावणीच्या मुख्य इमारतीचे अवशेष सापडले. तळघरातले हे प्रदर्शन बहुतेक घाईचे पर्यटक पाहतच नाहीत. खरे तर सुरुवात तिथूनच करावी. मनोऱ्यावर जाण्यासाठी २७५ पायऱ्या आहेत, त्याही गोल आणि अरुंद. ज्येष्ठांनी हा मोह टाळावा. तटावरून दिसणारे दृश्यही कमी नाही.

मिन्स्टरचे तिकीट स्वस्त नाही. पण हे चालते प्रार्थनास्थळ आहे, आणि सायंप्रार्थनेला बसण्यासाठी कोणाकडूनही पैसे घेतले जात नाहीत. धर्म कोणताही असो, त्या दगडी कमानींखाली गायकवृंदाचे सूर ऐकणे हा वेगळा अनुभव आहे. अर्थात, तिथे प्रार्थनेला आल्यासारखे बसावे, छायाचित्रे काढू नयेत. रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने पर्यटकांना दुपारपर्यंत आत सोडत नाहीत. केवळ रविवारच हाती असलेल्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

शॅम्बल्स गल्लीचे एवढे कौतुक कशासाठी?

वरचे मजले पुढे झुकलेले, समोरासमोरची घरे एकमेकांना टेकतील की काय असे वाटणारी ही गल्ली इंग्लंडमधल्या सर्वाधिक छायाचित्रित रस्त्यांपैकी एक आहे. मुळात ही खाटकांची गल्ली. दुकानांपुढच्या रुंद फळ्यांवर मांस मांडले जाई आणि त्या फळ्यांसाठीच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून गल्लीला नाव पडले. आज मात्र इथे जादूच्या कांड्या विकणारी दुकाने दिसतात. हॅरी पॉटरच्या चित्रपटांचे चित्रीकरण या गल्लीत झालेले नाही, तरी मुलांना घेऊन आलेले पालक त्याच समजुतीने रांगेत उभे राहतात.

गल्ली सुंदर आहे, पण ती सकाळी आठला पाहावी. तेव्हा दुकाने बंद असतात आणि वास्तू दिसते. दुपारी बारा वाजता तिथे फक्त समोरच्याची पाठ दिसते. इतिहास एका छायाचित्रापुरता उरला की शहराचेही नुकसान होते. रोजच्या गरजेची दुकाने जातात, भेटवस्तूंची येतात. जगभरच्या जुन्या शहरांना जडलेला हा आजार आहे आणि दोन तासांचा पर्यटक त्याला हातभार लावतो.

कशाचे तिकीट काढावे, कशाचे नाही?

राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७५ मध्ये सुरू झाले आणि तिथे प्रवेश विनामूल्य आहे. स्थानकाला लागूनच असल्याने पोहोचण्याचाही त्रास नाही. १९३८ मध्ये ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेगाने धावून वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारे ‘मॅलर्ड’ इथे आहे. जपानच्या पहिल्या पिढीतल्या बुलेट ट्रेनचा डबा आहे. लोकलच्या गर्दीत आयुष्य काढलेल्या मुंबईकराला इथे अर्धा दिवस कमी पडेल. रोमन बुरूज आणि मध्ययुगीन मठाचे भग्नावशेष असलेली म्युझियम गार्डन्स ही बागही विनामूल्य आहे. स्थानिक स्वयंसेवी वाटाडे शहराची पायी सफर घडवतात आणि तिचेही पैसे घेत नाहीत.

पैसे मोजून पाहावे असे मिन्स्टरनंतर व्हायकिंग केंद्र. १९७६ ते १९८१ या काळात कॉपरगेटमध्ये झालेल्या उत्खननात व्हायकिंगकालीन घरे, चपला, कंगवे, अगदी माणसाची वाळलेली विष्ठाही सापडली. तिच्यावरून त्या काळचा आहार आणि पोटातले जंत यांचा अभ्यास झाला. त्याच जागी १९८४ मध्ये हे केंद्र उभे राहिले. छोट्या गाडीत बसून जुन्या गल्लीतून, तिच्या वासांसह, फिरता येते. तिकीट वेळ ठरवून आधीच काढावे, अन्यथा सुट्टीच्या दिवसांत रांगेतच तास जातो.

क्लिफर्ड्स टॉवर हा टेकाडावरचा दगडी बुरूज अनेक जण ‘वर जाऊन दृश्य पाहण्यासाठी’ चढतात. वर जाण्यापूर्वी पायथ्याशी थांबावे. मार्च ११९० मध्ये जमावापासून जीव वाचवण्यासाठी शहरातल्या ज्यू कुटुंबांनी या टेकाडावरच्या तेव्हाच्या लाकडी गढीत आसरा घेतला होता. सुमारे दीडशे माणसे तिथे मेली. अनेकांनी जमावाच्या हाती पडण्यापेक्षा स्वतः मरण पत्करले. जमावाच्या म्होरक्यांपैकी काही जण ज्यू सावकारांचे देणेकरी होते आणि मिन्स्टरमध्ये ठेवलेले कर्जाचे कागद नंतर जाळण्यात आले. आजचा दगडी बुरूज तेराव्या शतकातला. यॉर्कच्या देखण्या रूपाखाली हेही आहे, आणि ते टाळून केलेली सहल अर्धीच राहते.

चॉकलेटचा आणि गरिबीचा काय संबंध?

यॉर्क हे चॉकलेटचेही शहर. भारतात घरोघरी माहीत असलेले किटकॅट १९३५ मध्ये यॉर्कच्या राउनट्री कंपनीने वेगळ्या नावाने बाजारात आणले. १९८८ मध्ये ही कंपनी नेस्ले समूहाकडे गेली. पण राउनट्री घराण्याची खरी ओळख वेगळी आहे. याच घराण्यातल्या सीबोम राउनट्री यांनी यॉर्कमधल्या कामगारांच्या घरोघरी पाहणी करून १९०१ मध्ये गरिबीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जगण्यासाठी किमान किती पैसे लागतात याचा हिशेब त्यांनी मांडला आणि मजुरीच इतकी कमी आहे की काटकसर करूनही भागत नाही, हे दाखवून दिले. योगायोग असा की, मुंबईच्या सार्वजनिक जीवनातून पुढे आलेल्या दादाभाई नौरोजींचा भारताच्या दारिद्र्यावरचा प्रसिद्ध ग्रंथही १९०१ मध्येच लंडनमध्ये प्रकाशित झाला. साम्राज्याच्या दोन टोकांची गरिबी एकाच वर्षी पुस्तकात उतरली. चॉकलेटच्या दुकानात शिरताना एवढे आठवले तरी पुरे.

कधी जावे आणि कुठे राहावे?

यॉर्कचे अक्षांश सुमारे ५४ अंश उत्तर. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतर सूर्य मावळतो, तर डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आधीच अंधार होतो. म्हणजे डिसेंबरच्या सहलीत पाहण्याचा वेळ जवळजवळ निम्मा होतो. नाताळचा बाजार आकर्षक असतो, पण तेव्हाच गर्दी आणि हॉटेलांचे दर सर्वाधिक असतात. एप्रिलमध्ये तटाच्या उतारांवर डॅफोडिल फुलतात. मे आणि सप्टेंबर हे महिने हवामान, प्रकाश आणि खर्च या तिन्ही दृष्टींनी बरे.

शनिवार-रविवार टाळता आला तर आवर्जून टाळावा. इथे त्या दिवसांत लग्नापूर्वीच्या मेजवान्यांसाठी मित्रमंडळींचे जथे येतात, खोल्या महागतात आणि रात्री गोंगाट असतो. रविवार ते गुरुवार या दिवसांत तीच खोली बरीच स्वस्त मिळू शकते. घोड्यांच्या शर्यतींच्या तारखाही आधी तपासाव्यात. मुक्काम तटाच्या आत किंवा स्थानकाजवळ घ्यावा. मध्यवर्ती भागात दिवसा बहुतेक वाहनांना बंदी असल्याने मोटारीचा उपयोग नाही, उलट ती उभी करण्याचा भुर्दंड बसतो. ऊझ नदीला हिवाळ्यात पूर येतो, म्हणून त्या काळात नदीकाठची खोली घेण्यापूर्वी चौकशी करावी.

गाडीचे तिकीट आणि जेवण यांचे काय?

ब्रिटनमध्ये रेल्वेचे तिकीट विमानासारखे असते. आधी काढले तर स्वस्त, ऐनवेळी काढले तर डोळे पांढरे होतात. दोन प्रौढ सोबत प्रवास करणार असतील किंवा सोबत मुले असतील तर सवलतीचे रेल्वे कार्ड घ्यावे. प्रौढांच्या भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. एका कार्डाची किंमत अनेकदा एकाच लांबच्या प्रवासात वसूल होते. मात्र स्वस्त आगाऊ तिकीट ठरावीक गाडीचेच असते. ती गाडी चुकली की तिकीट वाया जाते.

शाकाहारींना यॉर्कमध्ये उपाशी राहावे लागत नाही, पण दोन गोष्टी माहीत हव्यात. ‘यॉर्कशर पुडिंग’ हा गोड पदार्थ नाही. तो मैदा, अंडी आणि दुधाचा फुगलेला पदार्थ असून मांसाच्या जेवणासोबत वाढतात. आणि यॉर्कशरमधल्या काही जुन्या दुकानांत बटाट्याचे चिप्स गाईच्या चरबीत तळतात. फक्त बटाटा आहे म्हणून ते शाकाहारी ठरत नाहीत, त्यामुळे विचारूनच घ्यावेत. स्वयंपाकघरे लवकर बंद होतात. रात्री साडेनऊला जेवायला निघण्याची सवय इथे महागात पडते.

दोन रात्रींचा आराखडा कसा असावा?

पहिला दिवस : दुपारपर्यंत पोहोचून सामान हॉटेलात ठेवावे. स्थानकासमोरून तटावर चढून लेंडल पुलापर्यंत चालावे, म्युझियम गार्डन्समध्ये थोडे बसावे, मग बूथम बार ते मंक बार हा तुकडा. संध्याकाळी मिन्स्टरमध्ये सायंप्रार्थना.

दुसरा दिवस : सकाळी आठला शॅम्बल्स आणि आजूबाजूच्या बोळांत फेरी. मिन्स्टर उघडताच तळघरापासून सुरुवात. जेवणानंतर व्हायकिंग केंद्र आणि क्लिफर्ड्स टॉवर. रात्री, आवड असेल तर, भुतांच्या गोष्टी सांगत गल्लीबोळांतून नेणारी सफर.

तिसरा दिवस : हॉटेल सोडून रेल्वे संग्रहालय, आणि तिथूनच गाडी.

या आराखड्यात दोन-तीन जागाच तिकिटाच्या आहेत. ‘सगळ्या स्थळांचा’ एकत्रित पास घेण्यापूर्वी नेमके काय पाहणार याची बेरीज करावी. पास घेतला की पैसे वसूल करण्यासाठी धावाधाव होते आणि सहलीचा जीव जातो.

मग काय सोडावे?

एका आठवड्यात लंडन, बाथ, ऑक्सफर्ड, यॉर्क आणि एडिंबरो ‘करण्याचा’ हट्ट सोडावा. ब्रिटनचा व्हिसा मिळवण्यातली कागदपत्रे, विमानाचा खर्च आणि एका पौंडाला मोजावे लागणारे शंभराहून अधिक रुपये पाहता सगळे पाहून घ्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. आई-वडिलांना कदाचित एकदाच आणता येईल, हाही विचार त्यामागे असतो. पण ज्यांना एकदाच यायचे आहे, त्यांनाच तर धावपळ सर्वात जास्त झेपत नाही. सत्तरीतल्या माणसाला पाच शहरांतली पाच स्थानके, पाच रांगा आणि दुखरे पाय लक्षात राहतात. त्याऐवजी दोन शहरे निवडावीत आणि प्रत्येकाला दोन रात्री द्याव्यात. यॉर्कला तेवढा वेळ दिला, तर तटाच्या एका फेरीत रोमन सैनिकापासून राउनट्रीच्या कामगारापर्यंतचा प्रवास होतो. तेवढा वेळ नसेल, तर यॉर्क यादीतून खुशाल वगळावे. हजेरी लावून परतण्यापेक्षा ते बरे.